दवाखान्यातली सोबत

आबा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलोय. डिंडोलीच्या या खोलीत मी एकटाच असतो, विचारणारं कोणी नाही, म्हणून जमतंय. हे पत्र कुठे टाकायचं ते मलाही माहीत नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोन-तीन वर्षांनी मी तुरुंगातून सुटलो, तेव्हा फाटकाशी घरचं कोणी नव्हतं. तुम्ही उभे होता, माझ्या सहा महिने आधी सुटलेले. आत आपण एकाच बराकीत होतो, एकाच सुईने गोंदून घेतलं होतं, तुम्ही मारुती आणि मी आईचं नाव. त्या सुईने काय दिलं ते तुम्हाला बाहेर रक्त तपासल्यावर कळलं होतं. माझे पिवळे डोळे पाहिलेत आणि म्हणालात, "चाल दवाखानामा." मी म्हटलं, गावाकडे जाऊन कावीळ उतरवून घेतो, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं उतरतं. तुम्ही असे भडकलात! "हात धोशी, रगत कसं धोशी?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने मलाही तीच 'सी' प्रकारची कावीळ सांगितली. लिव्हर खाते म्हणे, दारूचा थेंब नको, दर महिन्याला दाखवून जा. मग दर महिन्याला तुम्ही हजर. लिंबायतच्या माझ्या खोलीवरून मला लांबच्या वाटेने नेता, कारण जवळच्या वाटेवर दारूचा अड्डा आहे. दोघांचे केसपेपर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. मी रांगेत कुरकुरतो, तुम्ही खिशातून शेंगदाणे काढता. "मी शे ना तुन्हासंगे," एवढंच म्हणता. मला तुमचा राग यायचा, आबा, कारण मला सोडून जाणाऱ्यांची सवय झाली होती.

वर्षभरात माझी तब्येत सुधारली, लग्नाची बोलणी सुरू झाली आणि मला तुमच्यासोबत दिसायची लाज वाटायला लागली. जेलचा माणूस म्हणून लोक तुम्हाला ओळखायचे. एका संध्याकाळी तुम्ही दारात आलात, पाय सुजलेले, पोट फुगलेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुम्ही काही मागितलंत. "सकाय दवाखानामा येशी का मन्हासंगे?" मी म्हटलं, उद्या कारखान्यात मागावर पाळी आहे, खाडा केला तर शेठ काढून टाकेल. तुम्ही म्हणालात, "मंग कामले जाय, भाऊ." दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

लग्न मोडायचं ते मोडलंच. आता सुटून आलेल्या माणसांना मी दवाखान्यात नेतो, रांगेत उभा राहतो, रिपोर्ट समजावून सांगतो. डॉक्टर कौतुक करतात, तेव्हा मी खाली बघतो.

आबा, त्या दुसऱ्या दिवशी पाळी नव्हती. आठवड्याच्या ठरलेल्या पॉवरकटमुळे कारखाना बंद होता, आणि मी आतून कडी लावून दिवसभर खोलीत पडून होतो. मला त्या मागावर तुम्हीच लावलं होतं. सुट्टीचा वार तुम्हाला ठाऊक होता.