सात्त्विक वाळू

सोमवार, ३ नोव्हेंबर
यंत्र आलं! पिठाच्या गिरणीएवढं. वरून बाटली टाकायची, खालून वाळू. एका संस्थेनं नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीला, तीन सोसायट्यांत मिळून दिलंय. सेक्रेटरी वैजनाथराव मूठभर वाळू घेऊन प्रत्येकाला — "हात लावून बघा, टोचत नाही." त्यांच्याकडून मिळालेली ही पहिलीच न टोचणारी गोष्ट.

थट्टा राहू दे. मला वाळू हवीच आहे. ऑगस्टात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. लिफ्ट आहे. पण लिफ्टपासून फाटकापर्यंत चाळीस फूट अंगण ड्रेनेजवाल्यांनी उखडून ठेवलंय. वॉकर चालणार कसा? पेव्हर ब्लॉक येऊन पडलेत, खाली अंथरायला तीस पोती वाळू लागेल. बाहेरून आणा म्हटलं, तर नाही! ठराव झालाय — सोसायटीच्या स्वतःच्या काचेचीच.

शनिवार, ८ नोव्हेंबर
अंगणातली वाट दत्ताच्या देवळापुढून जाते. दारूच्या बाटलीची वाळू देवापुढे चालेल का? मंगळवारी दोन तास सभा. निकाल — दोन पिंपं. एक 'सात्त्विक': लोणचं, गुलकंद, खोकल्याचं औषध. दुसरं 'इतर'. वाटेला फक्त सात्त्विक.

'इतर' रोज सकाळी काठोकाठ भरलेलं. कोण टाकतं? कोणीच नाही! सात्त्विकात चार दिवसांत तीन बरण्या.

आईला सांगितलं. वाटलं, हसेल. तर म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. देवापुढे नको रे ते." अगं, तुझीच वाट अडलीये!

रविवार, १६ नोव्हेंबर
माझं सदर छापून आलं. विषय अर्थात दोन पिंपं. झकास जमलंय! सकाळपासून फोन. सगळ्यांत आवडली ती म्हातारी — पलंगावरून देवाचं सोवळं सांभाळणारी, वॉकरवर गोमूत्र शिंपडणारी. गोमूत्र माझ्या पदरचं. तेवढी सूट आम्हाला असते.

आईनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "छान लिहितोस," म्हणाली. पेपर नीट घडी करून परत दिला.

सोमवार, १७ नोव्हेंबर
दोन्ही पिंपं रिकामी.

गुरुवार, २० नोव्हेंबर
अजून रिकामीच. नावं बदलली होती, पण गल्लीला गल्ली ओळखू येतेच. वैजनाथराव जिन्यात भेटले. "अहो, आपली लेखणी चालू द्या. आम्ही यंत्र बंद ठेवू." इतकं शांतपणे! माझ्याकडूनच शिकले असावेत.

धाकटा भाऊ आनंद कसब्यातून आईला भेटायला आला होता. दार लावून तासभर बोलत बसले दोघं. जाताना माझ्याशी "येतो" एवढंच.

आई गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारते. तेवढंच तिचं बाहेर जाणं. आणि उरलेलं मी माझ्या विनोदानं बंद केलं.

रविवार, २३ नोव्हेंबर
पिशवी घेऊन दारोदार फिरलो. "काच? आमच्याकडे सगळं प्लास्टिक हो." पहिल्या मजल्यावरच्या भाग्यश्रीताई — "आज बाटली द्यायची आणि पुढच्या रविवारी स्वतःबद्दल वाचायचं, होय ना?" दार बंद.

शेवटी वैजनाथरावांची अट मान्य केली. लेखी माफी, नोटीस बोर्डावर. पहिली त्यांना त्रोटक वाटली. दुसरी उपरोधिक वाटली. तिसरी लावली.

मंगळवार, २ डिसेंबर
बाटल्या पुन्हा येऊ लागल्या. आज यंत्र चालवणारा गेनबा पोती रचत होता. सव्वीस! सगळ्यांवर खडूनं 'सात्त्विक'.

"गेनबा, एवढी लोणची खाल्ली कोणी?"

आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हसला. "दादा, पैल्या दिसापास्नं समदं एकातच दळतोय. वाळू झाल्यावर काय तोंडाला वास येतोय व्हय?"

काय लेख झाला असता! गिळला. आयुष्यात पहिल्यांदा. वैजनाथरावांना म्हटलं, "चार दिवसांत तीस होतील." ते म्हणाले, "बघा, संयम हवा."

गुरुवार, ११ डिसेंबर
वाट झाली! सपाट, गुळगुळीत. संध्याकाळी आईला म्हटलं, चल, दाखवतो. "उद्या," म्हणाली. कपाट आवरत होती.

शुक्रवार, १२ डिसेंबर
आई चालली. माझा हात नको म्हणाली. देवळापुढे थांबून नमस्कार केला, मग थेट फाटकापर्यंत. बाहेर आनंद रिक्षा थांबवून उभा. तिची बॅग आत.

"परत कधी?" मी विचारलं.

"बघू. त्याच्याकडे बोललेलं छापून येत नाही रे."