गवताला दिलेला ताण

सौसर, मे महिना, मंगळवार रात्र

आज साहेब लोक खुश. खदानीच्या कॉलनीतल्या आमच्या गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू टाकायच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू सरसर पळून राहिला होता. क्लबचे सेक्रेटरी मले, माळ्याले, म्हणाले, "काका, कमाल केली तुम्ही!" इतके दिवस हेच ओरडत होते, चेंडू अडकते म्हणून.

मी केलं काय? पाणी बंद केलं. पांढुर्ण्याच्या आमच्या बगीच्यात बहारासाठी संत्र्याले ताण देतो, तसाच दिला. झाड सुकते, मग पाणी सोडलं की फुलते. गवताचंही तसंच असन, असं वाटलं.

सगळे गेल्यावर पाइप लावला. वाकून हात लावला तर गवत मुळासकट मुठीत आलं. म्हणून पळत होता चेंडू. मेलेल्यावरून. मूठ खिशात टाकली. वाईट वाटायले पाहिजे होतं ना? काहीच वाटून नाही राहिलं.

बायको म्हणाली, "जेवून नाही राहिले. कायचा ताण आला तुम्हाले?"

"मले नाही," म्हटलं. "गवताले."

ती हसली. मूठभर गवत अजून खिशातच आहे.