कुंडातली मासोळी

बाबा,

मी बरी आहो, पोरी पण बऱ्या आहेत. फोन न करता लिहून पाठवून राहिली, काहून का माझा आवाज तुमी लगेच ओळखता.

पवनीहून सहलीले निघायच्या आधी आपल्या वस्तीतल्या, टोल्यावरच्या या पोरींले मी सारं शिकवलं होतं. तिकीट जपायचं, चप्पल बाहेर काढायची, फोटो काढायच्या आधी विचारायचं. पण आज इथं हिमाचलात, मंदिराच्या कुंडात धनराजकाकाच्या रंजूनं एक मासोळी हातानं धरली, कपाळाले लावली आन् सोडून देली. नवीन पाणी दिसलं का आपण मासोळ्या धरणारे ढिवर लोक पहिल्या मासोळीच्या असंच पाया पडतो ना. इथं त्या मासोळ्या देवाच्या आहेत, त्यायले कोनी हात लावत नाही. हे आधी विचारायचं मले सुचलंच नाही.

गाव जमा झालं. आमाले धर्मशाळेत बसवलं आहे, चहा पण देला. म्हातारे लोक बाहेर जोरानं बोलून राहिले, भाषा समजत नाही. रंजू सारखी ओढणीले हात पुसून राहिली.

आईचा गुडघा कसा आहे? धनराजकाकाले एवढ्यात काही सांगू नोका.

त्यायनं दार नुसतं ओढून घेतलं आहे. कडी लावल्याचा आवाज मले तरी आला नाही. पण उठून दार ढकलून पाहाची हिंमत होत नाही.

तुमची,
ज्योत्सना