देवापाशी बसायला शिकले

आई, आज इतकं काही घडलंय की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी मी वही ओढली. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ही गोष्ट तुलाच सांगायची आहे, आत्ताच.

वसतिगृहाचं ते स्वयंपाकघर आठवतं? साठ मुलींच्या भाकरी थापून झाल्या की तू चुलीशेजारी पाटावर बसायचीस. मांडीवर बायबल, पानांवर हळदीची बोटं. मी आठ-नऊ वर्षांची. खेळायला पळायचं म्हणून प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणून टाकते, आणि तू माझा फ्रॉक धरून ठेवतेस. "आगं, देव काय यष्टी धरायला निघालाय व्हय? बस की जरा त्याच्यापाशी." मी विचारते, "बसून काय बोलू?" तू म्हणतेस, "न्हाई बोललं तरी चालतंय. तू माज्यापाशी बसतीस तवा काय लई बोलतीस का?"

मला ते तेव्हा कळलं नाही, पुढेही नाही. नर्स झाले, श्रीगोंद्याला आले, आयुष्यभर ड्युटी केली आणि देवापुढेही ड्युटीवर असल्यासारखीच उभी राहिले. मुलाची नोकरी, जावयाची शुगर, माझे गुडघे, आमेन. गेल्या महिन्यात निवृत्त झाले. एका सकाळी चहा घेऊन ओट्याजवळ खुर्ची ओढली आणि ठरवलं, आज उठायची घाई नाही. मागणं पाच मिनिटांत संपलं. मग नुसती बसले. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत जात होत्या. पहिले दोन दिवस जीव कंटाळला. तिसऱ्या दिवशी मात्र आत काहीतरी निवळलं. कुणीतरी समोर बसलंय आणि त्याला कुठंच जायचं नाही, असं वाटलं. इतका आनंद झाला की मी एकटीच हसले! आणि मग त्या शांततेत दादा आठवला. रोज आठवायला लागला.

तुझ्या दफनानंतर काय झालं ते तुला कुठून कळणार? दादानं विचारलं, "आईचं बायबल कुटं हाय?" त्याच बायबलातून तू त्याला अक्षरं शिकवली होतीस. मी म्हटलं, "आईबरोबर पेटीत ठेवलं." "मला इचारायचं तरी," एवढंच तो बोलला आणि पुन्हा माझ्या घरी आला नाही. बायबल माझ्या ट्रंकेत होतं, तुझ्या साडीत गुंडाळलेलं. मला ते एकटीला हवं होतं. पुढे जितके दिवस गेले, तितकं खरं सांगणं अवघड होत गेलं.

आज सकाळी मी बसल्या जागेवरून उठले, ट्रंक उघडली आणि मिरजगावची गाडी धरली. दादाची पिठाची गिरणी धडधडत होती, दारात चार-पाच बायका दळण घेऊन उभ्या. मी ओरडले, "दादा, मी खोटं बोलले!" "आँ?" "खोटं बोलले मी!" त्यानं कानाला हात लावला. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन ओरडले आणि नेमकी तेव्हाच त्यानं गिरणी बंद केली. "आईचं बायबल मी चोरलं!" सगळ्या बायकांनी ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवीतून बायबल काढून पुढं केलं. त्यानं आधी हात सदऱ्याला पुसले, एक पान उलटलं, ते पिवळे ठसे बघितले आणि त्याचे डोळे भरले. म्हणाला, "अकरा वर्सं! एकदा तरी वाचलंस का?" "उघडायचीच भीती वाटायची," मी म्हटलं. तो रडता रडता हसायलाच लागला. एक बाई म्हणाली, "भाऊ, दळण?" "थांबा जरा, बहीण आलीया माजी."

आम्ही धान्याच्या पोत्यांवर बसून राहिलो. मधे बराच वेळ कुणीच बोललं नाही आणि तरी काही कमी वाटलं नाही. बायबल तिथंच ठेवून आले. रविवारी तो आणि वहिनी उपासनेला इकडे येणार आहेत, जेवायला माझ्याकडे. काय करू अन् काय नको असं झालंय!

हे पत्र टाकायचं कुठं? वहीतच राहील. आणि लिहितेच आहे तर हेही सांगून टाकते. तुझी प्रार्थना लांबली की मी मधेच मोठ्यानं "आमेन" म्हणायचे, आणि तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचीस, "पोरीला प्रभूची लई ओढ हाय." ती ओढ नव्हती गं. चहा गार होत होता.