पोट बिघडलेलं नाही

तीर्थरूप सुमतीआत्या,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात उभ्यानेच घालतेय, सध्या मला पालथं पडवत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? ठाण्यात पाणी वेळेवर येतंय ना? आमच्या डोंबिवलीत सगळे मजेत आहेत, मी सोडून. दहावी म्हणून आईने माझा फोन कपाटात ठेवलाय, त्यामुळे हे पत्र तुझ्या चकलीच्या डब्यात, नारळाच्या वड्यांखाली घालून बाबांबरोबर पाठवतेय. डबा रिकामा परत करायचा नाही, या आपल्या रीतीचा मला पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

तर आत्या, मला पाळी आलीय. आज अकरावा दिवस. (लिहिला शब्द. छत पडलं नाही.) दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं आणि सोमवारी शाळेच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. पण आमच्याकडे 'क्षिप्राचं पोट दुखतंय' असंच म्हणतात, आणि एकदा पोट म्हटलं की सगळे हात धुऊन पोटाच्याच मागे लागतात. आईने ओवा चावायला लावला. बाबा बिचारे (खरंच बिचारे, त्यांना कुणी काही सांगतच नाही) रोज ऑफिसातून येताना ताकाची पिशवी आणतात आणि वडापाव खाऊ नकोस म्हणून बजावतात. डॉक्टर हरिहरांकडे मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "जरा पोटाचं आहे." मिळाल्या ॲसिडिटीच्या गोळ्या.

काल तर कहर झाला. शेजारच्या विमलाबाईंनी माझी बेंबी सरकल्याचं जाहीर केलं, मला हॉलमध्ये आडवं पाडलं, पोटावर पेटती पणती ठेवली आणि वर तांब्या उपडा घातला. तांब्या घट्ट बसला, बाई खूश. मी उठले तर चादरीवर हा एवढा डाग! त्यावर त्या काय म्हणाल्या असतील? "अगोबाई, अडचण आहे होय! मग देवघरासमोर कशाला झोपवलंत हिला?" मी म्हटलं, "अडचण नाही काकू, पाळी. दहावा दिवस." तांब्या तिथेच टाकून गेल्या.

मग मी आईला म्हटलं, मला बायकांच्या डॉक्टरकडे ने. तर म्हणते, "लग्नाआधी कुणी जातं का तिथे? त्या दवाखान्यासमोरच विमलाबाईंची गॅलरी आहे." म्हणजे माझं रक्त किती जावं हे त्यांच्या गॅलरीवरून ठरणार! मला प्रचंड चीड आलीय, आत्या. मी आता कुजबुजणार नाही, पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून आणणार नाही आणि ओवा तर मुळीच चावणार नाही. कळू दे सगळ्या बिल्डिंगला.

तुझी आडवी पडलेली, पण न वाकणारी भाची,
क्षिप्रा

ता. क. वड्या मीच केल्यात, याच दिवसांत. मस्त खुटखुटीत झाल्यात. विमलाबाईंनाही चार दिल्या, त्यांनी लगेच संपवल्या.

ता. क. २ एवढं ऐटीत लिहिलं, पण मला भीती वाटतेय. उभं राहिलं की गरगरतं. शनिवारी ये आणि मला त्या डॉक्टरकडे ने. तुला आई नाही म्हणू शकत नाही.

ता. क. ३ बाबा समोरच चहा पीत असतील. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचायला लाव. दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्याला अडखळतील. अडखळू देत. पण तो शब्द तोंडातून बाहेर पडल्याशिवाय त्यांना उठू देऊ नकोस.