आबा, नात समुद्रात उतरती

आबा, तुमची लेक लिहून राहिली. अक्षर वाकडं येतंय, सोसून घ्या. तुमी गेलात अन् माझी शाळा तिसरीतच सुटली. हा कागद तुमाला पोचायचा न्हाई, अन् घरात कुणाला मी दाखवणार न्हाई, म्हणूनच लिहायला जमतंय.

माझी नात समुद्रातल्या जनावरांचं शिकली. आपल्या हिंगोलीकडं समुद्र कुठला आला! उन्हाळ्यात कयाधूच्या पात्रात बकऱ्या बसतात. पण पोरगी तिकडं कोकणात राहती, अन् ऑक्टोपस म्हणून आठ हातांचं, बिनहाडाचं जनावर असतंय, त्याच्यामागं फिरती. तुरीच्या शेंगा भरल्या तवा घरी आली. चुलीपुढं बसून मोबाईलवर दाखवलं. खडकाच्या बिळात एक मादी, अन् वरून तिची अंडी लोंबलेली, बराबर ज्वारीच्या कणसावानी. मी तर हरखूनच गेले, आबा. तेवढ्यात दूध उतू गेलं, सून ओरडली, ते असो.

"खाती काय गं ही?" मी इचारलं.

"काहीच न्हाई, आजी. अंड्यांवर पाणी फुंकत बसती. पिल्लं निघाली की मरती."

"अन् तवर हलत न्हाई?"

"न्हाई ना. म्हणून तर लोकं आकडा घालून तिलाच वढून काढतात. अंडी मग तशीच सडतात. मागल्या वर्षीची किती बिळं औंदा रिकामी दिसली मला."

पोरीचं काम हेच. पाण्याखाली जायचं, बसलेल्या माद्या हुडकायच्या, अन् कोळ्यांना सांगायचं, पिल्लं निघंपर्यंत ह्या खडकाकडं येऊ नका. कुणी ऐकतं, कुणी शिव्या घालतं.

पाण्याखाली म्हणल्याबराबर माझ्या लेकाचा घास हातातच राहिला. पोरगी पाण्यात उतरती हे त्याला ठावंच नव्हतं. तुमी विहिरीत उतरून लोकांच्या पडलेल्या घागरी काढायचे. कमरेला दोर, वर आई धरून. खालून झटका आला की वढायचं. त्या दिवशी झटका आलाच न्हाई. माणसं गोळा झाली, तुमाला वर काढलं, तरी आई दोर सोडंना. बायांनी एकेक बोट उलगडलं तिचं. मंग तिनं आमाला कंदी विहिरीकडं फिरकू दिलं न्हाई, मी माझ्या लेकाला न्हाई, त्यानं त्याच्या पोरीला न्हाई. ही होस्टेलात गेल्यावर चोरून पोहायला शिकली.

लेक म्हणला, "आता तिकडं जायचं न्हाई. आजी हो म्हणली तरच."

पोरगी माझ्याकडं बघून राहिली. मी इचारलं, "तुझा दोर कोण धरतं?"

"दोर नसतो, आजी. संगं जोडीदार असतो. एकट्यानं उतरायचंच न्हाई."

"अन् पाणी गढूळ असलं तर?"

"हात धरायचा."

"हात? पोरगं हाय का काय?"

"पोरगी हाय गं, म्हातारे!"

लेकसुद्धा हसला. तेवढ्यात मी म्हणले, "जा."

आज सकाळी सेनगावच्या स्टँडवर तिला घालवून आले. सगळे म्हणून राहिले, म्हातारी लई धीराची. धीर कुठला, आबा. तिच्या तोंडाकडं बघून माझ्यानं न्हाई म्हणवलं न्हाई, एवढंच. एसटी फाट्यावरून वळली तवा मनातल्या मनात म्हणत होते, पंक्चर होऊ दे.