‘ब्रेक झाला’ नावाची फाइल

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मधेच रडतेस नाहीतर भावोजींच्या हातात फोन देतेस. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. अक्षराला हसू नकोस, शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. आणि आधीच सांगतो, मी चिडलेला आहे. तुझ्यावरसुद्धा.

मामा अजून दवाखान्यात आहे. कामावर सगळे मामा म्हणतात तो, माझा जोडीदार, ज्याच्या खोलीत मी राहतो. पायात सळी घातलीय. वर आमच्या साहेबांनी ठरवून टाकलंय की अपघातात चूक त्याचीच. तसं कागदावर आलं की त्याचं लायसन्स गेलं. या वयात लिफ्टदुरुस्ती सोडून दुसरं काय करणार तो?

तू म्हणतेस, फाइलीच्या नावावरून एवढं काय डोक्यात राख घालायची. अगं, साहेब धरून आम्ही चार माणसं. आज एक लिफ्ट मी उघडतो, उद्या तीच मामा. आदल्याने काय केलं ते सगळ्यांना मोबाइलवर दिसणाऱ्या त्या कामाच्या फाइलीतूनच कळतं. पूर्वी जो तो मनाला येईल ते नाव द्यायचा. कुत्रेवाल्या बाई. टकलू सेक्रेटरी. फायनल, नवीन फायनल, आता खरंच फायनल. एकदा मी भलत्याच कुत्रेवाल्या बाईंकडे गेलो आणि त्यांचा कुत्रा माझ्या पँटीला लोंबकळला. सगळे पोट धरून हसले, मग नियम ठरला. आधी इमारत, मग लिफ्टचा नंबर, मग तारीख, मग काम. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने भिंतीवर चिकटवला.

आणि मोडला त्यांनीच. एका इमारतीत दोन नंबरच्या लिफ्टचा ब्रेक खराब होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. साहेब तिथे गेले तर एक नंबरचाही धरेना. हाताशी ब्रेक एकच. तो त्यांनी एक नंबरला बसवला आणि कानाचा फोन न काढता फाइलीला नाव दिलं, ‘ब्रेक झाला’. बस, एवढंच. मामाला वाटलं दोन नंबरचा झाला. तो तिच्या टपावर चढला, लिफ्ट घसरली. चढण्याआधी तपासायला हवं होतं, हे तो स्वतःच म्हणतो. पण साहेब काही म्हणतात का?

म्हणतात ना. मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, तुलाच नियमाची हौस, तर त्या नावात इमारत घाल, एक नंबर घाल. म्हणजे तपासायला येणाऱ्याला वाटेल की मामाने वाचलंच नाही. आणि तू काय निरोप पाठवलास? साहेब सांगतील तसं कर, भावोजींनी शब्द टाकून तुला कामाला चिकटवलंय. ताई, मी तापाने फणफणलो होतो तेव्हा तुझे फोन कोण उचलायचं? त्याला तू भाऊ म्हणाली होतीस.

मी नाव बदललं नाही. काल तपासनिसाच्या हातात मोबाइल तसाच दिला आणि साहेबांनी काय करायला सांगितलं तेही सांगितलं. साहेबांनी लगेच माझ्याकडून किल्ल्या आणि हत्यारांची पिशवी काढून घेतली. आता ते भावोजींना फोन करणार. भावोजी चांगले आहेत, हात जोडतील, पोरगा अडाणी आहे, सांभाळून घ्या म्हणतील. त्यांना माफी मागू देऊ नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं. त्यांनी माफी मागितली की साहेब तपासनिसाला सांगतील, पोरगा खोटं बोलला, घरचेच कबूल करतायत. मग मामा संपला. मी दुसरं काम बघेन, नाही मिळालं तर घरी येईन, तेव्हा काय बोलायचं ते मला बोला. साहेबांशी बोलू नका.

तुझाच,
अजून न निवळलेला, धाकटा